कूड, कचेरी आणि कूपरेज

१९६० साली रोम येथील ऑलिंपिक सामन्यांकरिता हिंदुस्थानचा जो फुटबॉल संघ निवडण्यात आला, त्याच्या यादीत फॉर्चुनातो फ्रांको हे एक नाव होते. मुंबईच्या मैदानांवर तयार झालेले आणि टाटा स्पोर्ट्स क्लबच्या मधल्या फळीचा आधारस्तंभ म्हणून नावाजलेले हे खेळाडू १९३७ साली बार्देश तालुक्यातील कोलवाळ या गावी जन्मले होते. यादी वाचणाऱ्याला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. परंतु त्या वर्षी कोलवाळचा मुलकी कारभार लिस्बनहून सुटणाऱ्या फर्मानांनी चालत होता, तेथील सरकारी दफ्तर पोर्तुगीज भाषेत लिहिले जात होते, आणि मुंबईहून त्या गावी सरळ मार्गाने जाण्याची सोय पाच वर्षांपूर्वीच खुंटली होती. ज्या देशाचा पोशाख अंगावर घालून फ्रांको रोमला गेले, त्या देशाच्या सरहद्दीपलीकडे त्यांचे जन्मग्राम होते.

परमुलखातील संघात गेलेला खेळाडू तेथे कसा रुजतो, नवी भाषा, नवे अन्न आणि नवी माणसे यांच्याशी त्याचे कसे जमते, ही चर्चा आज युरोपातील धनाढ्य क्लबांच्या संदर्भात मोठ्या चवीने होते. आणि ती करणाऱ्यांची अशी समजूत दिसते की, हा प्रश्न विमानप्रवासाच्या व कोट्यवधींच्या करारांच्या युगातच उपस्थित झाला. वस्तुतः मुंबई इलाख्याच्या राजधानीत हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. आणि त्याची जी सोडवणूक झाली ती कोणा व्यवस्थापकाने योजलेली नसून, गावकी, नोकरी आणि खेळ या तीन भिन्न संस्थांच्या एकत्र येण्यातून आपोआप घडली होती. तिचा वृत्तान्त क्रीडाग्रंथांत क्वचितच आढळतो, कारण त्या ग्रंथांत गोलांची आणि चषकांची मोजदाद असते. सामना संपल्यानंतर खेळाडू कोणत्या दारातून आत शिरला याची त्यांत नोंद नसते.

गोमंतकात फुटबॉल आला तो पोर्तुगीजांकडून नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १८८३ च्या सुमारास शिवोली येथे हा खेळ मुलांना शिकविला, आणि पुढे हडफडे येथील त्यांच्या शाळेत तो शिक्षणक्रमाचाच एक भाग झाला, असा तेथील क्रीडेतिहासाचा प्रारंभ सांगितला जातो. पुढील पन्नास वर्षांत चर्चपुढील पटांगणे आणि भातकापणीनंतर मोकळी पडलेली शेते यांवर हा खेळ इतका पसरला की, गावागावांतील चुरस चेंडूच्या निमित्ताने व्यक्त होऊ लागली. परंतु खेळाडू निर्माण करणे निराळे आणि त्याला पोसणे निराळे. त्या मुलखात कारखाने नव्हते, सरकारी नोकऱ्या मोजक्या होत्या, आणि शेतीचे उत्पन्न कुटुंबातील सर्व मुलांना पुरण्याजोगे नव्हते. म्हणून जो तरुण हातापायांनी धडधाकट, तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच मुंबईची वाट धरी. कोणी आगबोटीवर खलाशी किंवा खानसामा होई, कोणी बँडमध्ये वाजवी, कोणी कचेरीत कारकुनी करी. आणि विसाव्या शतकात ज्याच्या पायांत कसब होते त्याला याच वाटेने फुटबॉलचे मैदानही गाठता येऊ लागले.

ही वाट दोन प्रकारची होती. एक समुद्राची, पणजीहून आगबोटीने कोकणकिनाऱ्याची बंदरे घेत मुंबईस पोहोचणारी. आणि दुसरी लोखंडाची, १८८८ साली वाहतुकीस खुली झालेल्या मुरगाव रेल्वेने दूधसागराचा घाट चढून कॅसलरॉक, लोंडा, पुणे या मार्गाने कल्याण जंक्शनवर उतरणारी. कल्याणच्या फलाटावर पहाटे डोळे चोळीत उभ्या राहिलेल्या गोमंतकीय तरुणाच्या कानांवर मराठी, गुजराती आणि बाजारी हिंदुस्थानी एकदमच पडत असे. घरी तो कोकणी बोले. शाळेचे तोंड पाहिले असल्यास थोडी पोर्तुगीज त्याला अवगत असे. प्रार्थनेतील लॅटिन त्याला पाठ असे. आणि ज्या शहरात त्याला पोट भरावयाचे होते तेथे या तिन्ही भाषांना बाजारात किंमत नव्हती.

अशा माणसाला मुंबईत पहिला आधार मिळे तो कुडीचा. धोबीतलाव, कावेल, माझगाव आणि भायखळा या भागांत गोमंतकातील एकेका गावाने भाड्याच्या जागा घेऊन आपापल्या माणसांसाठी उतरण्याची व्यवस्था केली होती. तिला लोक कूड म्हणत, आणि कागदोपत्री तिचे नाव अमुक गावाचा क्लब असे असे. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत तर अशा अनेक गावांच्या कुडी एकमेकींस लागून वसल्या होत्या. आत शिरल्यावर प्रथम दृष्टीस पडे ती गावच्या संताची वेदी, आणि मग भिंतीकडेने रचलेल्या लाकडी पेट्यांची रांग. प्रत्येक सभासदाची पेटी हीच त्याची मालमत्ता, आणि तिच्यालगतची जमीन हीच त्याची शय्या. महिन्याची वर्गणी अल्प असे. परंतु संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे सामुदायिक जपमाळेच्या प्रार्थनेला, हजर राहणे बंधनकारक असे, दारूला आणि दंग्याला मज्जाव असे, आणि नियम मोडणाऱ्याची तक्रार केवळ कमिटीपुढे न राहता पुढल्या आगबोटीने त्याच्या आईवडिलांपर्यंतही पोहोचत असे.

बाहेरच्याला ही शिस्त जाचक वाटेल. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे मर्म असे की, नव्या शहरात आलेल्या माणसाला तेथे एकाच दिवशी सर्वस्वी परका व्हावे लागत नसे. दिवसभर तो इंग्रजीत हुकूम ऐके, हिंदुस्थानीत ट्रामचे तिकीट मागे, आणि रात्री माशांच्या हुमणाचा वास येणाऱ्या खोलीत कोकणीत भांडू शके. खलाशांच्या बरोबरीने वाजंत्री, तियात्रांचे नट आणि फुटबॉलपटू यांनाही कुडींनी थारा दिला. तियात्र हा गोमंतकीयांचा नाट्यप्रकारसुद्धा १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच जन्मला, गोव्यात नव्हे, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. परमुलखात समाजाला आपले म्हणून जे काही हवे असते, ते तो तेथेच उभारतो. खेळाडूची कामगिरी रविवारी चांगली झाली तर त्याचा गौरव प्रथम कुडीत होई, आणि वाईट झाली तर समाचारही तेथेच घेतला जाई. कोणत्याही व्यवस्थापकापेक्षा हे न्यायासन अधिक कडक आणि अधिक मायाळू होते.

मुंबईचे फुटबॉल तोवर चांगलेच रुळले होते. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा प्रथम गोऱ्या पलटणींचीच मिरास होती; १९११ साली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली; आणि १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने रोव्हर्स जिंकून त्या मिराशीला पहिला धक्का दिला. पावसाळ्यात हार्वुड लीगचे सामने चालत, तेव्हा कूपरेज मैदानाच्या चिखलात चेंडू आणि खेळाडू यांचे रंग एकच होत असत. पाऊस सरल्यावर रोव्हर्ससाठी कलकत्ता, हैदराबाद, बंगलोर येथील संघ येत आणि प्रेक्षकांच्या बाकांवर अर्धा हिंदुस्थान गोळा होई. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी हा चषक नेला. याच काळात मुंबईच्या संघांचे स्वरूपही पालटत गेले. जिमखान्यांची आणि पलटणींची जागा व्यापारी कंपन्या, गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांनी घेतली. टाटा, कालटेक्स, मफतलाल, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे ही नावे सामन्यांच्या तक्त्यांत दिसू लागली.

येथे कचेरीचा प्रवेश होतो. त्या काळच्या कंपनीने खेळाडू घेतला म्हणजे त्याच्याशी हंगामाचा करार केला असे नसून त्याला नोकरीत घेतले असे होई. त्याचे नाव हजेरीपटावर चढे, त्याला हुद्दा मिळे, पगार, भत्ता, रजा आणि भविष्यनिर्वाहनिधी हे सारे इतर नोकरांप्रमाणेच लागू होई. सकाळी तो खात्यात बसे आणि दुपारी साहेबाच्या परवानगीने मैदानाकडे निघे. गुडघा निकामी झाला तरी टेबल सुटत नसे. फ्रांको यांचा खेळ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुडघ्याच्या दुखापतीने संपला. त्यांच्या पिढीच्या खेळाडूवर असा प्रसंग आला तर मैदान सुटे, परंतु उपजीविका शाबूत राही. हा दिलासा लहान नव्हता.

भाषेच्या शिक्षणाची शाळाही कचेरीच होती. मैदानावर जी भाषा लागते ती फार थोडी असते. चेंडू मागणे, मोकळी जागा दाखविणे, मागून येणाऱ्या प्रतिपक्ष्याची सूचना देणे यांस व्याकरण लागत नाही, आणि नवखा खेळाडू ती आठवड्याभरात आत्मसात करतो. अवघड असते ती पुढची भाषा: साहेबाकडे रजा मागण्याची, डाक्टरला दुखणे कोठे व कसे आहे हे सांगण्याची, घरमालकाशी भाड्यावरून हुज्जत घालण्याची, आणि सहकाऱ्याची थट्टा समजून तिला त्याच क्षणी उत्तर देण्याची. ही भाषा कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. ती शेजारच्या टेबलावरच्या गुजराती हिशेबनिसाकडून, मराठी शिपायाकडून, चहाच्या वेळेत कणाकणाने गोळा करावी लागते. संघाबरोबर केवळ दोन तास असणारा खेळाडू तिला मुकतो. कचेरीत दिवसाचा अर्धा भाग काढणारा तिच्यात नकळत भिजत जातो.

या व्यवस्थेचे फळ कसे होते हे पाहावयाचे असेल तर १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकणाऱ्या कालटेक्सकडे पाहावे. तिच्या आघाडीला नेव्हिल डिसोझा होते. मूळच्या गोमंतकीय घराण्यातील या खेळाडूने १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, हिंदुस्थानने तो सामना ४-२ असा जिंकला आणि त्या स्पर्धेत उपान्त्य फेरी गाठून चौथे स्थान मिळविले. गोलरक्षणाची जबाबदारी सांभाळणारे एस. एस. नारायण मूळचे केरळातले, परंतु त्यांचे फुटबॉल माटुंग्यात घडले. मेलबर्न आणि रोम या दोन्ही ऑलिंपिक संघांत ते होते, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच ठाण्यात त्यांचे निधन झाले. इरिंजालाकुडाहून आलेले बचावपटू ओ. चंद्रशेखरन हेही कालटेक्सचेच. म्हणजे कोकणी, मल्याळम अशा घरच्या भाषा घेऊन आलेली ही माणसे एका तेल कंपनीच्या छत्राखाली एकत्र आली, आणि त्यांच्यात संभाषणाचे जे साधन तयार झाले ते मुंबईचे इंग्रजी, मुंबईचे हिंदुस्थानी आणि थोडे मराठी यांचे असे मिश्रण होते की, त्याला शुद्धलेखनाच्या कोणत्याही नियमावलीने दाखल करून घेतले नसते. महाराष्ट्राने १९६३-६४ चा संतोष चषक जिंकला, तोही असल्याच बहुभाषी मेळाव्याच्या जोरावर.

मात्र गोमंतकीय खेळाडूंपुढे एक अडचण अशी उभी राहिली की, तिची कल्पना केरळातून आलेल्यांना येणे शक्य नव्हते. ब्रिटिश अमदानीत गोव्याची सरहद्द ओलांडणे ही जवळजवळ रोजची बाब होती; परंतु स्वातंत्र्यानंतर पोर्तुगालने वसाहत सोडण्याचे नाकारले, १९५४ पासून ये-जा परवान्यांच्या फेऱ्यात सापडली, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी व अन्य नाक्यांवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर दोन्ही बाजूंचे दरवाजे लागले. कॅसलरॉकची गाडी थांबली, पणजीची आगबोट थांबली, पणजीतील हिंदी वकिलात बंद झाली. आजवर फेस्ताला, लग्नाला, आईच्या आजारपणाला धावत जाणारा माणूस आता बांद्याच्या किंवा माजाळीच्या नाक्यापर्यंत जाऊन, परवान्याच्या भरवशावर, सामान डोक्यावर घेऊन पायी पलीकडे जाऊ लागला.

मुंबईतील गोमंतकीयांच्या मनावर १९५५ ते १९६१ या सहा वर्षांचा जो परिणाम झाला तो राजकीय इतिहासात पुरेसा उतरलेला नाही. ज्याने तोवर मुंबईला केवळ कमाईचे ठिकाण मानले होते आणि म्हातारपणी गावी परतण्याचा बेत मनात ठेवला होता, त्याला आपला खरा गाव कोणता याचा निर्णय करणे भाग पडले. तिकडे पोर्तुगीज सरकारनेही खेळाचे राजकीय मोल ओळखले होते: १९५५ साली मोझांबिकमधील लोरेंसो मार्किसचा फेरोव्हियारिओ संघ गोव्यात आणण्यात आला, १९५९ च्या डिसेंबरात गोव्याची फुटबॉल संघटना उभी राहिली, आणि १९६० साली लिस्बनचा विख्यात बेनफिका संघ गोव्याच्या दौऱ्यावर आला. एकाच वर्षी बेनफिकाचे गोव्यात स्वागत व्हावे आणि कोलवाळचा सुपुत्र हिंदुस्थानच्या संघातून रोमला जावा, यात त्या काळातील गोमंतकीय समाजाची सारी ओढाताण एकवटली आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर साडेआठ महिन्यांनी, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, जाकार्ता येथील आशियाई सामन्यांच्या अंतिम लढतीत हिंदुस्थानने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला, तेव्हा फ्रांको त्या संघात होते. इस्रायल आणि तैवान यांना यजमानांनी प्रवेश नाकारल्याच्या वादात हिंदी प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे तेथील जनता हिंदी संघावर इतकी क्षुब्ध झाली होती की, प्रेक्षकांनी संपूर्ण सामनाभर आपल्या खेळाडूंची हुर्यो केली. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे प्रशिक्षक कर्करोगाने पोखरलेले होते. बंगाली चुनी गोस्वामी कर्णधार, पंजाबी जर्नैल सिंग, हैदराबादकडील बलराम आणि थंगराज, मल्याळी चंद्रशेखरन, कोकणी फ्रांको: रहीम यांच्या दख्खनी उर्दूतील सूचना या सर्वांपर्यंत पोहोचत, कारण आपल्या भाषेबाहेरच्या माणसाचे ऐकण्याची सवय त्यांच्यापैकी बहुतेकांना मुंबई-कलकत्त्याच्या संघांनी आधीच लावलेली होती.

या व्यवस्थेची किंमत कळण्यासाठी ती जेथे नव्हती तेथील एक उदाहरण घेतले पाहिजे. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे महम्मद सलीम १९३६ साली आपल्या एका नातलगाबरोबर ग्लासगोला गेले आणि तेथील सेल्टिक क्लबने त्यांची परीक्षा घेतली. सलीम अनवाणी खेळत; सेल्टिकच्या जिमी मॅकमेनेमी यांनी त्यांच्या पायांना पट्ट्या बांधल्या, त्याचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. हॅमिल्टन अकॅडेमिकल्सविरुद्ध ५-१ आणि गॅल्स्टनविरुद्ध ७-१ अशा दोन विजयांत त्यांनी स्कॉटिश प्रेक्षकांना थक्क केले, वृत्तपत्रांनी स्तुतीचा वर्षाव केला, क्लबने त्यांना ठेवून घेण्याची इच्छा दर्शविली. आणि सलीम घरच्या ओढीने परत आले. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नव्हती, क्लबच्या सद्भावाबद्दलही नव्हती. परंतु ग्लासगोत त्यांच्या कलकत्त्यातील मटियाबुर्ज वस्तीची कूड नव्हती. सायंकाळी दिवे लागल्यावर ज्यांच्यात जाऊन बसावे अशी चार माणसे नव्हती. हिंदी फुटबॉलपटूच्या युरोपीय क्लबातील पहिल्या प्रवेशाचा शेवट अशा रीतीने मैदानाबाहेरच्या कारणाने झाला.

उलट दिशेचे उदाहरण १९८० सालचे आहे. अलीगढ विद्यापीठात शिकण्याकरिता आलेले मजीद बिश्कार, जमशीद नस्सिरी आणि महमूद खबाजी हे इराणी तरुण त्या वर्षी ईस्ट बंगालमध्ये दाखल झाले, आणि त्याच हंगामात ईस्ट बंगाल व मोहम्मडन स्पोर्टिंग यांनी रोव्हर्स चषक विभागून घेतला. त्याच वर्षी खोर्रमशहर, मजीदचे गाव, इराण-इराक युद्धात उद्ध्वस्त होत होते. मजीदचा खेळ पाहिलेले लोक आजही त्याच्या तोडीचा परदेशी खेळाडू झाला नाही असे म्हणतात. परंतु काही वर्षांनी तो इराणला निघून गेला आणि २०१९ मध्ये, क्लबच्या शताब्दीनिमित्तच, पुन्हा कलकत्त्यास आला. जमशीद मात्र कलकत्त्यातच राहिला, तेथेच त्याने संसार थाटला. आणि त्याचा मुलगा कियान याने २९ जानेवारी २०२२ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, बापाच्या ईस्ट बंगालविरुद्ध मोहन बागानकडून, बदली खेळाडू म्हणून उतरून तीन गोल केले. परकेपण एका पिढीत कसे संपते याचा यापेक्षा सुस्पष्ट पुरावा मागण्याची गरज नाही.

आमच्यासारख्या आंबिवलीत राहणाऱ्या माणसाला या सर्व इतिहासाचे विशेष अगत्य वाटते, त्यास कारण आहे. शहाड आणि टिटवाळा यांच्या मधले हे स्टेशन. उल्हास आणि काळू या नद्यांच्या सान्निध्यातील हा मुलूख स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत भातशेतीचा होता. मग मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना आला, लोकांच्या तोंडी तो एनआरसी झाला. पलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. आणि घाटावरून, कोकणातून, उत्तर हिंदुस्थानातून, दक्षिणेतून माणसे कामावर आली. त्यांना कंपनीने वसाहतीत खोल्या दिल्या, आणि नळावर, रेशनच्या रांगेत, गणपतीच्या मांडवात ती एकमेकांची भाषा शिकली. कूपरेजवर खेळणाऱ्या परप्रांतीयाला कंपनीने जसे सामावून घेतले, तसेच मोहन्याच्या कातकामगारालाही. कारण दोघांनाही नोकरीसोबत शेजार मिळत होता.

हा शेजार पुरविणारी कंपनी हीच मुळात गतकाळाची वस्तू होऊ लागली, तेव्हा दोन्हीकडे एकाच सुमारास परिणाम दिसला. कूपरेजवर त्या परंपरेचा शेवटचा मोठा प्रतिनिधी म्हणजे महिंद्र युनायटेड. गोमंतकीय डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि त्यात ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रेचे जोसे रामिरेझ बारेटो व घानाचे युसुफ याकुबू हे दोघे अग्रभागी होते. बारेटो १९९९ मध्ये मोहन बागानकडे आले होते. तेथील लोकांनी त्यांना हिरव्या पोपटाचे लाडके नाव दिले, आणि खेळ सोडल्यावरही ते या देशातच मुलांना फुटबॉल शिकवीत राहिले. परंतु नोव्हेंबर २००९ मध्ये एनआरसीला टाळे लागले, आणि २०१० मध्ये महिंद्रांनी आपला संघ विसर्जित केला. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि दोन्हींत एकाच युगाची समाप्ती आहे, ज्या युगात मालक आपल्या माणसाच्या कामाबरोबर त्याच्या वास्तव्याचीही थोडीबहुत जबाबदारी घेत असे.

त्यानंतर आलेल्या युगात २०१४ साली मुंबई सिटी हा संघ निघाला. नेरूळच्या मैदानावर स्वीडनचा ल्युंगबर्ग, फ्रान्सचा अनेल्का आणि पुढे अंधेरीत उरुग्वेचा फोर्लान यांचे दर्शन मुंबईकरांना घडले. त्यांच्या दिमतीला हॉटेल होते, मोटार होती, दुभाषे होते. आणि हंगाम संपताच ते निघून गेले. यात त्यांचा दोष नाही. दोन-चार महिन्यांच्या मुक्कामासाठी कोणी शेजाऱ्याची भाषा शिकत नाही. याउलट, सिक्कीमच्या तिनकितामहून निघून ३० सप्टेंबर १९९९ रोजी इंग्लंडच्या बरी या क्लबात दाखल झालेले बायचुंग भुतिया तेथे तीन वर्षे राहिले. बरी हा दुय्यम श्रेणीचा, लहान गावातला, आर्थिक ओढाताणीत सापडलेला क्लब होता, आणि त्यांच्या नावावर तेथे गोल फारसे जमा नाहीत. तरीही परमुलखात हिंदी खेळाडूने हंगामामागून हंगाम काढून दाखविला, हे श्रेय त्यांच्याकडे राहते. आणि सलीमपासूनच्या त्रेसष्ट वर्षांच्या अंतराचे माप घ्यावयाचे तर ते गोलांपेक्षा या मुदतीने घेणे अधिक न्याय्य होईल.

इतके पाहिल्यावर असा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी की, खेळाडूला परक्या संघात उभे करते ते त्याचे कसब, परंतु तेथे टिकवून धरतो तो सामन्याच्या नव्वद मिनिटांबाहेरचा दिनक्रम. आणि तो दिनक्रम पुरविण्याची ऐपत पैशापेक्षा संस्थांत असते. आजच्या क्लबाला कूड पुन्हा उभारता येणार नाही, कचेरीतले टेबलही देता येणार नाही. परंतु मणिपूरहून किंवा मिझोरामहून मुंबईत आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला हॉटेलातील खोलीपेक्षा एखाद्या नांदत्या घरातील खोली अधिक उपयोगी पडेल, एवढे तरी या इतिहासावरून त्याला शिकता येईल. इतिहासकाराचे कामही त्याच दिशेने आहे. मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याने कूपरेजचे गोलफलक पाहावेत, परंतु तेवढ्यावर थांबू नये. धोबीतलावच्या उरल्यासुरल्या कुडींतील सभासदांच्या वह्या आणि बंद पडलेल्या कंपन्यांचे हजेरीपट वाळवीच्या तावडीतून सुटले असतील तेथवर त्याने चाळावेत. हे कागद दरसाल कमी होत आहेत, आणि त्यांवर ज्यांची नावे आहेत त्या पिढीतील माणसेही. म्हणून हे काम पुढच्या पिढीवर टाकण्याजोगे नाही.